तत्रैव

“पहिल्याच तळटीपेला तत्रैव? अगं, आधी काहीतरी असल्याशिवाय तत्रैव येतंच कसं?”

धारूरकर सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो शब्द मीच घरून डब्यात घालून आणला होता. मे महिन्यातली दुपार होती. विभागातला कूलर नुसता आवाज करत होता.

“सर, मी नाही टाकलेलं. ते आपोआप येतंय.”

“आपोआप काही येत नसतं. कुणाला शेंड्या लावतेस?”

हे तत्रैव काय प्रकरण आहे, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. प्रबंधात एखाद्या पुस्तकाचा आधार घेतला की पानाच्या तळाशी त्याचं नाव-गाव द्यावं लागतं. लगेच पुढच्या तळटीपेत तेच पुस्तक आलं, तर सगळं पुराण पुन्हा न लावता नुसतं ‘तत्रैव’ लिहायचं. म्हणजे वर दिलंय तेच. पूर्वी हे हाताने करावं लागायचं, आणि एखादी टीप मध्ये घुसली की खालच्या सगळ्या टिपांचा बट्ट्याबोळ व्हायचा. मग संदर्भांचं सॉफ्टवेअर आलं. त्यात आपली पुस्तकं एकदा नोंदवून ठेवायची, वर्डमध्ये लिहिता लिहिता बटण दाबायचं, पुस्तक निवडायचं, की तळटीप तयार. क्रम बदलला तर रिफ्रेश करायचं. कुठे पूर्ण नाव द्यायचं आणि कुठे तत्रैव, ते त्याचं ते ठरवतं. मूळ सॉफ्टवेअर इंग्रजी. त्याच्या पोटात शिरून तिथे ‘तत्रैव’ बसवला तो प्रल्हादने. त्या दिवशी त्याने अख्ख्या विभागाला चहा पाजला होता, एवढा खूश.

प्रल्हाद गव्हाणे माझा सीनियर. मराठवाड्यातल्या बारवांवर, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींवर, तो पीएच.डी. करत होता. सरांच्या टेबलावर उघडलेला प्रबंध त्याचाच होता. फक्त तो नव्हता.

आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, “अंबडकडे जाऊन येतो, रात्री जेवायला आहे,” असं आईला सांगून तो बाहेर पडला आणि परत आलाच नाही. मोटारसायकल जालन्याच्या स्टँडवर सापडली. अंबडच्या बाजूच्या सगळ्या विहिरी पोलिसांनी पाहिल्या. काही मिळालं नाही, तेव्हा सगळ्यांनीच आपापला निकाल लावून टाकला. गाडी स्टँडवर नीट लावलेली, कुलूप घातलेलं, म्हणजे गडी बसमध्ये बसून स्वतःच्या पायांनी गेला. मग कुणीतरी म्हणालं, पुण्यात दिसला. कुणीतरी म्हणालं, बरोबर एक मुलगी होती. लोकांच्या जिभेला काय, हाड थोडंच असतं.

मला प्रल्हाद आवडायचा. त्याला ते माहीत नव्हतं, किंवा असेलही, पण बोललो कधी नव्हतो. त्या पुण्यातल्या मुलीचा मला इतका राग यायचा की काही विचारू नका. ती कुणी पाहिली नव्हती, तिला नाव नव्हतं, तरी मी तिच्याशी मनातल्या मनात कचाकचा भांडायची.

पण माझं काय घेऊन बसलात? त्याची आई, गयामावशी, विद्यापीठामागच्या मेसवर पोरांसाठी भाकरी करायची. नवरा लवकर गेलेला, हा एकच मुलगा. ती पोलिसांना, सरांना, मला, ज्याला भेटेल त्याला एकच विचारायची. “लेकरू मला टाकून गेलं का गं? माझं काय चुकलं?” मेला असेल, हे तिच्या मनात येत असेल की नाही, कोण जाणे. पण टाकून गेला, हे तिला जास्त खात होतं. तिने पोराच्या नावाचं ताट वाढणं सोडलं नव्हतं.

प्रबंधाचं पुस्तक करायची कल्पनाही तिचीच. एक दिवस सरांच्या दारात उभी राहून म्हणाली, “सर, त्याचं पुस्तक तर करा. कुठं दुकानात दिसलं त्याला, तर येईल.” सरांना नाही म्हणवेना. आणि ते सॉफ्टवेअर विभागात फक्त प्रल्हादला आणि मला येत होतं, म्हणून लॅपटॉप माझ्या गळ्यात पडला. खरं तर मी तो हिसकावूनच घेतला.

पाच प्रकरणं पूर्ण होती. सहावं म्हणजे उपसंहार. त्याच्या फाइलमध्ये मथळा होता, त्याखाली एकच ओळ होती. ‘सर्वांत खालची पायरी पाहायची राहिली आहे.’ ओळीच्या शेवटी टिपेचा आकडा, आणि पानाच्या तळाशी, ‘१. तत्रैव.’

सरांनी ते पाहिलं आणि चष्मा नाकावर आणला. “काढून टाक. नवीन टीप घाल. त्यात काय एवढं?”

मी घरी, म्हणजे माझ्या भाड्याच्या खोलीवर, येऊन टीप काढून टाकली. ओळीचा आधार काय असेल ते कळेना, म्हणून तात्पुरतं जिल्ह्याचं गॅझेटियर निवडलं. बटण दाबलं. खाली गॅझेटियरचं नाव आलं, पान आलं, सगळं रीतसर. मी हुश्श केलं आणि रिफ्रेश केलं.

‘१. तत्रैव.’

मी पुन्हा काढली. दुसरं पुस्तक घातलं. रिफ्रेश. तत्रैव. मी तळटीप टाइप करून, हाताने, सॉफ्टवेअरला न विचारता लिहिली. ती राहिली. चहा ठेवायला उठले, परत येऊन बघते तर तत्रैव. म्हटलं, बाई, उन्हाने तुझं डोकं फिरलंय. नवीन कोरी फाइल उघडली, त्यात एकच टीप घातली. आता या पानावर आधी काही नव्हतं, नंतर काही नव्हतं, प्रल्हादची ओळसुद्धा नव्हती. त्या पांढऱ्या पानाच्या तळाशी तो शब्द एकटाच येऊन बसला.

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. दिवसाउजेडी, खिडकीबाहेर भाजीवाला ओरडत असताना. लॅपटॉप वर्षभर मावशीच्या ट्रंकेत त्याच्या कपड्यांबरोबर होता, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. त्या दुपारी मला शेवाळाचा वास आला. मी उठून मोरीचा नळ बघून आले. नळ बंद होता, पाणी दोन दिवस आलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की सगळी प्रकरणं एकाच फाइलमध्ये जोडायची. एवीतेवी छापायला जोडावी लागणारच होती. सगळ्या टिपा एका माळेत आल्या की शेवटच्या टिपेच्या आधी काहीतरी असेल, मग तत्रैवला निदान अर्थ येईल, असा माझा हिशेब. जोडाजोड चालू असताना गयामावशी आली. मेसवरचं काम उरकून ती मधूनमधून यायची. माझ्यासाठी दोन भाकरी, ठेचा आणि तोंडी लावायला काहीतरी फडक्यात बांधून आणायची, आणि मी काम करताना शेजारी स्टुलावर बसून पडद्याकडे पाहात राहायची. मुलाने लिहिलेलं आहे, एवढंच तिला पुरे असायचं.

“खाऊन घे माय आधी.”

“एवढं एक झालं की खाते, मावशी.”

मी रिफ्रेशचं बटण दाबलं. टिपा शेकड्यांनी होत्या, त्यामुळे ते फिरत बसलं. पंखा गरगरू लागला. लॅपटॉपचा म्हणतेय, खोलीतला बंदच होता, वीज गेली होती. मग ते थांबलं आणि मी पहिल्या पानापासून खाली यायला लागले.

दुसऱ्या पानाच्या तळाशी तत्रैव. तिसऱ्या पानावर तीन टिपा, तिन्ही तत्रैव. चौथ्यावर तत्रैव. मी चाक फिरवत गेले. जिथे शिलालेखांची पुस्तकं होती तिथे तत्रैव, जिथे जुने नकाशे होते तिथे तत्रैव. प्रकरण दुसरं, तिसरं, चौथं. प्रल्हादने इतकी वर्षं घासून गोळा केलेले सगळे ग्रंथ पुसले गेले होते आणि पानापानाच्या तळाशी तो एकच शब्द ओळीने बसला होता. मी जितकी खाली जावी, तितका तो पुढे हजर.

सगळ्या प्रबंधाची वाट लागली असं मला वाटलं, आणि तेही त्याच्या आईसमोर.

“ते एकच काय लिवलंय गं सगळीकडं?” मावशीने विचारलं. तिला अक्षरं जोडून वाचता यायचं. पडद्याला बोट लावून ती म्हणाली, “त... त्रै... व. काय असतंय ते?”

“काही नाही मावशी. संस्कृत आहे. तत्र म्हणजे तिथे, एव म्हणजे च. तिथेच.”

“तिथंच?”

“हो. तिथेच.”

मी अजून चाक फिरवतच होते.

“कोण तिथंच?” मावशी म्हणाली.

माझं बोट थांबलं. इतकी वर्षं मी तो शब्द लिहीत होते, पण असा कधी ऐकलाच नव्हता. आम्हाला तत्रैव म्हणजे ‘वरचंच पुस्तक’. शब्दाला स्वतःचा काही अर्थ असतो, हे आम्ही विसरूनच गेलेलो.

“कुठं तिथंच गं? सांग की.” तिने माझं मनगट धरलं. भाकऱ्या थापून तिचा हात खरखरीत झाला होता, आणि गार पडला होता.

तत्रैवचा एक नियम असतो. कितीही तत्रैव असोत, अगदी वर एक तरी पूर्ण टीप असावीच लागते. मी एका झटक्यात पहिल्या पानावर गेले. मघाशी घाईत मी ते पान ओलांडलं होतं. तिथे पूर्वी एका जुन्या ग्रंथाचं नाव होतं, हे मला पाठ होतं. आता तिथे होतं,

‘१. गव्हाणे, प्रल्हाद, क्षेत्रभेट, आसरडोह येथील बारव.’

मी ते मोठ्याने वाचलं. क्षेत्रभेट म्हणजे त्या जागी स्वतः जाऊन केलेली पाहणी, हेही मी कशीबशी बोलले. मावशीने माझं मनगट सोडलं आणि पदर तोंडाशी नेला.

“मीच म्हणले होते,” ती म्हणाली. “तिथं जाऊ नको म्हणून. पाण्यातल्या आसरांची जागा हाय ती. पहिल्या बारीला तिथून आला तो ताप घेऊनच आला. मी दहीभात टाकला, हिरव्या बांगड्या व्हायल्या, तवा उतरला. माझी शपथ घातली होती त्याला, परत त्या पाण्याकडं जायचं न्हाई.”

मग मला आठवलं. कँटीनमध्ये बसून प्रल्हाद म्हणाला होता, “आसरडोहच्या बारवेचा तळ कुणी पाहिलेला नाही. पाणी आटतच नाही तिथलं. एकदा आटू दे, सर्वांत खालची पायरी मी बघणार.” आणि तो गेला त्या उन्हाळ्याआधी पाऊस झालाच नव्हता. गावोगाव टँकर फिरत होते. पाणी आटलं असणार. हा आईची शपथ मोडून निघाला असणार, आणि तिला घोर नको म्हणून अंबडचं नाव सांगितलं असणार. आसरडोह अगदी दुसऱ्या टोकाला. रस्त्याचं काम चालू, खडीवर मोटारसायकल घसरायची, म्हणून ती स्टँडवर ठेवून बस धरली. एवढं साधं होतं. ती बारव त्याने आधीच पाहून, लिहून संपवलेली, म्हणून तिकडे शोधायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्यासुद्धा.

सरांना फोन केला. ते म्हणाले, “अगं, डुप्लिकेट नोंदी एकत्र करताना काहीतरी घोळ केला असशील. सगळ्या नोंदी एकीतच मिसळल्या. असं होतं.” होत असेल. मी नाही म्हणत नाही. मी म्हटलं, “सर, आम्ही आसरडोहला चाललोय.” ते म्हणाले, “थांबा. मी गाडी काढतो.” म्हातारा खवचट होता, पण मनाने वाईट नव्हता.

आसरडोह म्हणजे माळावरचं पन्नासेक उंबऱ्यांचं गाव. बारव गावाबाहेर, वेड्या बाभळींच्या जंगलात. पोलीस पाटील, भानुदास नावाचे एक उंच गृहस्थ, आमच्याबरोबर आले, पण कमानीपाशीच थांबले. “इकडं कुणी येत न्हाई, मॅडम. बायामाणसं चैतात निवद दाखवायला येतात, तेबी वरूनच. मागल्या साली पाक तळाला गेलतं पाणी. मग पाऊस झाला की भरली. औंदा पुन्हा खाली गेलीय.”

आत ऊन पोचत नव्हतं. दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत शेंदूर लावलेले साती आसरांचे तांदळे, म्हणजे देव मानलेले गोटे, होते, पुढे हिरव्या बांगड्यांचे तुकडे. पायऱ्या सरळ खाली गेल्या होत्या. मी उतरायला लागले आणि मला तो वास आला, माझ्या खोलीत आला होता तोच. मी एकेका पायरीवर येत होते आणि पानांच्या तळाशी दिसलेला तो शब्द माझ्या डोक्यात येत होता. मला परत फिरायचं होतं. पण मावशी माझ्या पुढे होती आणि ती एकदाही थांबली नाही.

खाली, पाण्याच्या काठाला, एका बाजूचं दगडी छत कोसळलं होतं. मोठमोठे दगड एकावर एक पडले होते. दोन दगडांच्या फटीतून कापडाचा पट्टा बाहेर आला होता, चिखलाने काळा झालेला. मावशी खाली बसली आणि अंगठ्याने त्याच्यावरचा चिखल पुसायला लागली. आतून जांभळा रंग निघाला, आणि बारीक पिवळी कोयरी.

“माझ्या लुगड्याचा काठ हाय,” ती म्हणाली. “त्याच्या पिशवीला बंद लावून दिला होता मीच. जुना तुटला होता ना.”

सर वरच्या पायरीवर भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी चष्मा काढला होता.

मावशी रडली नाही. पट्टा हातात धरून त्या दगडांकडे पाहात ती हळू आवाजात म्हणाली, “म्हणजे टाकून न्हवता गेला मला. इथंच होता.” मग तिने दगडावर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. “इथंच होतास व्हय रं,” ती म्हणाली, आणि मग ती रडली. मीही रडले. पुण्यातल्या त्या नसलेल्या मुलीची मी मनातल्या मनात माफी मागितली.

पुढचं पोलिसांनी केलं. दगड हलवायला यंत्र आणावं लागलं. त्याला वर काढलं, नदीकाठी नेऊन सगळं रीतीने केलं. मावशीने त्यानंतर ताट वाढणं बंद केलं.

तेरावं झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. सगळे ग्रंथ जागेवर होते. पहिल्या पानावर तो जुना ग्रंथ, दुसऱ्यावर शिलालेखांची पुस्तकं, चौथ्या प्रकरणात नकाशे. जिथे नियमाने यायला हवं तिथेच तत्रैव, एक कमी नाही की जास्त नाही. घोळ मिटला होता. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण खोली एकदम रिकामी वाटली.

उपसंहार सरांनी लिहिला. प्रल्हादची ती एक ओळ मात्र आम्ही सुरुवातीला तशीच ठेवली, आणि तिचा खरा आधार आता ठाऊक होता, म्हणून मी तिथे आसरडोहची क्षेत्रभेट जोडली. पाचव्या प्रकरणाची शेवटची टीपही आसरडोहचीच होती. म्हणजे लागोपाठ तोच संदर्भ. मी रिफ्रेश केलं.

पुस्तक छापायला गेलं. प्रेसमधले जोगळेकर म्हणून मुद्रितशोधक होते, डोळ्यांत तेल घालून वाचणारे. त्यांचा फोन आला.

“बाई, सगळं चोख आहे. फक्त शेवटच्या प्रकरणात एक चूक राहिलीय. लागोपाठ दोन टिपांना तोच संदर्भ आहे आणि तुम्ही दुसऱ्या टिपेतही पूर्ण नाव दिलंय. गव्हाणे, प्रल्हाद, आसरडोह वगैरे. तिथे तत्रैव हवं.”

“हो,” मी म्हटलं. “नियमाने हवं.”

“मग करू ना?”

मी ते किती वेळा करून पाहिलं होतं, ते त्यांना सांगितलं नाही. दरवेळी रिफ्रेश केलं की ते जायचं आणि त्याचं पूर्ण नाव परत यायचं.

“नको,” मी म्हटलं. “तो आता तिथे नाहीये.”